ध्यानात राहतं, बायांनो

सयांनो, येलदरीहून आम्ही बोलतोय. आम्ही म्हणजे पूर्णा नदीच्या या धरणाच्या आजूबाजूला गावोगाव फिरून बचत गटांच्या वह्या तपासणाऱ्या, बैठका घेणाऱ्या बाया. आज आपल्याला बोलायचंय ते आठवणीबद्दल आणि नवी भाषा शिकण्याबद्दल. विषय शाळेतला वाटेल, पण तो निघाला आपल्या गटाच्या सतरंजीवर.

झालं असं, की एका गटात नवी सचिव निवडायची होती. एकीचं नाव निघालं, ती नाही म्हणाली. दुसरी नाही म्हणाली, तिसरीही. कारण तिघींचं एकच. "माय, फॉर्म इंग्रजीत, मोबाइलवरचा मेसेज इंग्रजीत. आता या वयात काय ध्यानात राहायलंय?" त्यातल्याच एकीच्या खात्यातून तीन वर्षं दरसाल काही रुपये कटत होते. कशाचे, ते तिला माहीत नव्हतं. पासबुक बघितलं तेव्हा कळलं, विम्याचे होते. कधीतरी एका कागदावर तिनं सही केली होती. त्यात काय लिहिलंय ते कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "माझंच डोकं चालत नाही, दुसऱ्याला काय बोलू?"

पुढच्या महिन्यात त्याच गावात लग्न होतं. घाणा भरताना हीच बाई गायला बसली. एकामागून एक ओव्या. आमच्यातल्या एकीनं मोजल्या, तर चाळीसच्या वर गेल्या. कागद नाही, वही नाही, कुठं अडखळली नाही. मग आम्हाला प्रश्न पडला, ज्या डोक्यात चाळीस ओव्या आहेत, त्यात इंग्रजीचे चाळीस शब्द का बसू नयेत? त्याचं उत्तर आम्ही इतिहासात शोधलं. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगतो.

सुरुवात जात्यापासून करू. आपल्याच परभणी जिल्ह्यातलं गंगाखेड हे संत जनाबाईंचं गाव. नामदेवांच्या घरी दळणकांडण करणारी ही बाई सातशे वर्षांपूर्वीची. तिचे अभंग आजही घराघरात आहेत. पण जनाबाई एकटी नव्हती. नाव न राहिलेल्या हजारो बायांनी जात्यावर ओव्या रचल्या, आणि आईकडून लेकीला, सासूकडून सुनेला त्या मिळत गेल्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी गावोगाव जाऊन या ओव्या गोळा केल्या. त्यांच्या कामातून महाराष्ट्रातल्या एक लाखाहून जास्त ओव्या लिहून ठेवल्या गेल्या. आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या माजलगावातूनही त्यांना ओव्या मिळाल्या. एक लाख ओव्या, आणि त्या सगळ्या बायांच्या डोक्यात! त्यातल्या कित्येकींना सहीसुद्धा करता येत नव्हती.

हे कसं जमत होतं? ओवीला ठरलेली लय आहे. एखादा शब्द विसरला तरी लय त्या जागी दुसरा बसू देत नाही, बरोबर तोच ओढून आणते. दळताना हात फिरतोय आणि तोंड गातंय. समोर जोडीदारीण बसलीय, एकीनं म्हटलं की दुसरी उचलते. आणि हे रोज पहाटे होतं. आम्ही एकदा एका आजीला म्हटलं, आजी, ओव्या सांगा. दोनच आठवल्या. "गेल्या बाई आता सगळ्या," म्हणाल्या. मग घरातलं पडून राहिलेलं जातं पुसून मांडलं आणि खुंटा त्यांच्या हातात दिला. अर्धा तास त्या थांबल्या नाहीत. म्हणजे ओव्या गेल्या नव्हत्या. त्यांच्यापर्यंत जायची वाट तेवढी बुजली होती. हात फिरला आणि वाट मोकळी झाली.

आता थोडं आणखी मागं जाऊ. तेराव्या शतकात चक्रधर स्वामींनी महानुभाव पंथ स्थापन केला. ते मूळचे गुजरातचे. इकडे आले आणि मराठीत बोलले, मराठीतच शिकवलं. ते गेल्यावर म्हाइंभट नावाच्या विद्वान शिष्याच्या मनात आलं, की स्वामींच्या आठवणी आता लिहून ठेवल्या पाहिजेत. हे साधारण १२७८ सालचं, अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरचं. म्हाइंभट ज्याला त्याला गाठत फिरले. ज्यानं जे डोळ्यांनी पाहिलं, कानांनी ऐकलं, ते त्याच्याकडून विचारून घेतलं. नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतलं. त्यातून 'लीळाचरित्र' तयार झालं. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ. तो अनेकांच्या आठवणींतून उभा राहिला, आणि त्या आठवणी सांगणाऱ्यांत बायाही होत्या.

गोष्ट इथं संपत नाही. पुढे धाडीच्या धामधुमीत पंथाच्या पोथ्या हरवल्या. मग ज्यांना जे पाठ होतं त्यांनी ते पुन्हा सांगितलं आणि ग्रंथ परत लिहिला गेला. त्यातला एक पाठ हिराइसा या बाईच्या नावानं ओळखला जातो. पोथी हरवली तरी ग्रंथ वाचला, तो माणसांच्या ध्यानामुळे.

या पंथातली आणखी एक आठवण आपल्या कामाची आहे. केसोबास नावाचे एक पंडित नागदेवाचार्यांकडे आले. त्यांना संस्कृतात लिहायचं होतं. आचार्यांनी त्यांना अडवलं. संस्कृतात लिहिलंत तर माझ्या म्हाताऱ्या बायांना काही मिळणार नाही, असा त्यांच्या सांगण्याचा अर्थ होता. सयांनो, साडेसातशे वर्षांपूर्वी कुणीतरी हा विचार केला, की जी भाषा बायांना कळत नाही तिच्यात लिहिणं म्हणजे बायांचं नुकसान करणं. आज फॉर्म छापणाऱ्यांनी एवढा विचार केला असता, तर आपल्या त्या बाईचे पैसे कटले नसते.

आता विसरण्याचं बोलू. आपल्याला वाटतं, विसरणं म्हणजे डोक्यातला दोष. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस नावाच्या माणसानं यावर स्वतःवरच प्रयोग केले. काही अर्थ नसलेली अक्षरं तो पाठ करायचा आणि किती वेळानं किती उरलं ते मोजायचा. १८८५ साली त्यानं त्याचं पुस्तक काढलं. त्याला दिसलं, की पाठ केल्यावर तासाभरातच निम्म्याहून जास्त निघून जातं. त्यानंतर मात्र विसरण्याचा वेग कमी होतो. हा शिकलेला माणूस होता, तरुण होता. त्याचीही ही गत. म्हणजे विसरणं सगळ्यांचंच असतं. शिकलेल्याचं, अडाण्याचं, तरुणाचं, म्हाताऱ्याचं. त्याला आणखी एक गोष्ट सापडली. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायला जितकी मेहनत लागली, त्याच्या साधारण दहावा हिस्सा मेहनत कविता पाठ करायला लागली. आपल्या आज्यांना हे कुणी सांगावं लागलं नाही. त्यांनी सगळं ओवीतच बांधलं.

तर ध्यानात ठेवायची ताकद आपल्याकडे आहे. पण नवी भाषा? ती आपल्याला येते का? बायांनो, आपल्या गटाची वही उघडा आणि शब्द बघा. कर्ज, हप्ता, बाकी, जमा, रक्कम, वसुली, मुदत, अर्ज, जामीन, मंजूर, हजेरी, तारीख. यातला एकही शब्द मुळात मराठी नाही. हे सगळे फारसी-अरबीतून आलेत. फारसीत 'हफ्त' म्हणजे सात. सात दिवसांचा आठवडा तो हप्ता, आणि आठवड्याला भरायचे पैसे तोही हप्ता झाला. दख्खनमध्ये बहामनी राज्य १३४७ साली सुरू झालं, तेव्हापासून कारभारात फारसी शिरली. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर 'राज्यव्यवहारकोश' तयार करवून घेतला. त्यात अशा हजाराहून जास्त शब्दांना संस्कृत पर्याय दिले होते. तरी कर्ज आणि बाकी आपल्या तोंडून गेले नाहीत, कारण ते रोज लागत होते. आपल्या पणज्यांनी हे शब्द कोणत्या शाळेत शिकले? बाजारात, शेताच्या बांधावर, सावकाराच्या दारात शिकले. गरज होती म्हणून शिकले आणि रोज वापरले म्हणून राहिले.

आपल्या मराठवाड्यात तर ही गोष्ट आणखी जवळची आहे. आपण निजामाच्या राज्यात होतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिथल्या कारभारात फारसीच्या जागी उर्दू आली. १९१८ साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्यात शिकवणं उर्दूतून. कायदा उर्दूत, विज्ञान उर्दूत. घरात मराठी बोलणाऱ्या पोरांना पुढं शिकायचं तर उर्दू शिकावी लागायची, आणि ते शिकले. त्या पिढीतले म्हातारे आमच्यातल्या काहींनी लहानपणी पाहिलेत. उर्दूत अर्ज लिहायचे आणि मराठीत भजन म्हणायचे. आपली भाषा बाजूला सारली जाते याचा राग होता, आणि तो बरोबरच होता. पण राग असतानाही लोक ती भाषा शिकले, कारण जमिनीचा कागद त्या भाषेत होता. कागद वाचता आला नाही तर जमीन जायची.

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. शाळा मराठी झाल्या, कचेऱ्या मराठी झाल्या. आणि दोन पिढ्यांत काय झालं? २०२३ साली कुणबी नोंदी शोधण्यासाठी निजामकाळातली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणारी माणसं शोधत फिरावं लागलं. आजोबांच्या हातची अक्षरं नातवाला वाचता येईनात. वापर थांबला की भाषा जाते, मग ती गावात कितीही रुळलेली असो. तेच परभणीच्या बाजारात बघा. भाजी विकणारी बाई मराठी गिऱ्हाइकाशी मराठीत बोलते आणि दखनी बोलणाऱ्या गिऱ्हाइकाशी दखनीत भाव करते. तिला विचारलं, कुठं शिकलीस, तर हसते. शिकली हेच तिला माहीत नाही.

आता एका बाईची गोष्ट सांगतो, आणि मग आपल्या कामाचं बोलू. पंडिता रमाबाई यांचा जन्म १८५८ सालचा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा विरोध पत्करून बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवलं. घर फिरतं, तीर्थाहून तीर्थाला. दिवसभर कामं, म्हणून लक्ष्मीबाई लेकीला पहाटे उठवायच्या आणि तोंडानं श्लोक सांगायच्या. लेक ऐकायची, म्हणायची, परत म्हणायची. असं करत भागवताचे अठरा हजार श्लोक रमाबाईंना पाठ झाले. शिकवणारी आई आणि वेळ दळणाची, हे ध्यानात घ्या. आपल्या आज्यांची जी रीत ओवीची, तीच लक्ष्मीबाईंची श्लोकांची.

दुष्काळात आईवडील गेले. रमाबाई भावाबरोबर पायी फिरत राहिल्या. मराठी घरातली होती, फिरता फिरता कानडी, हिंदी, बंगाली आली. १८७८ साली कलकत्त्याला पंडितांनी त्यांची परीक्षा घेतली आणि 'पंडिता' ही पदवी दिली. १८८२ साली त्या पुण्यात आल्या आणि इंग्रजीचे धडे घेऊ लागल्या. तेव्हा त्या चोवीस वर्षांच्या होत्या, विधवा होत्या, पदरी लहान मुलगी होती. पुढच्याच वर्षी विलायतेला गेल्या. आणि १८८७ साली इथल्या बायांच्या हालांवर त्यांचं इंग्रजी पुस्तक अमेरिकेत छापून निघालं. पाच वर्षांत! म्हातारपणी त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचं मराठी भाषांतर केलं. १९२२ साली त्या वारल्या, तेव्हाही त्याच कामात होत्या. वय झालं म्हणून त्यांनी नवी भाषा टाळली नाही.

सगळ्यांना अशी आई मिळत नाही, हे खरं. रमाबाई रानडे यांचं उदाहरण घ्या. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या, तेव्हा अक्षर ओळखत नव्हत्या. नवऱ्यानं शिकवायला घेतलं, आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायका टोमणे मारायच्या, अबोला धरायच्या. त्या शिकत राहिल्या आणि १९१० साली स्वतःच्या आठवणींचं पुस्तक त्यांनी लिहिलं. घरातून बोलणं खाऊन शिकणाऱ्या सुना आपल्या गटातही आहेत. त्यांनी हे नाव लक्षात ठेवावं. आणि सासवांनीही ठेवावं.

बरं, आता आपण काय करायचं? आम्ही तीन-चार गटांत हे करून बघितलं, तेवढंच सांगतो.

एका बैठकीला पाचच शब्द घ्यायचे. ओवीसुद्धा आपण एकेकच शिकलो होतो. पहिले पाच शब्द मोबाइलच्या मेसेजमधलेच घेतले. क्रेडिट म्हणजे खात्यात आले. डेबिट म्हणजे खात्यातून गेले. बॅलन्स म्हणजे शिल्लक. प्रीमियम म्हणजे विम्याचा हप्ता. नॉमिनी म्हणजे आपल्यामागं पैसे कुणाच्या हाती द्यायचे, ते नाव.

शब्द चालीवर बसवायचे. एका गटानं टाळी देत म्हटले: क्रेडिट आलं, डेबिट गेलं. उजवा हात आत घ्यायचा, डावा बाहेर टाकायचा. सगळ्या हसल्या, पण एकीलाही विसर पडला नाही. आणि हे जोडीनं करायचं, समोरासमोर बसून, जात्यासारखं. एकीनं इंग्रजी शब्द टाकायचा, दुसरीनं मराठी उचलायचा.

कागद बघून वाचत बसायचं नाही. झाकायचा आणि आठवून म्हणायचं. चुकलं तर उघडून बघायचं, परत झाकायचं. २००६ साली अमेरिकेत विद्यार्थ्यांवर असा एक प्रयोग झाला. काहींनी धडा परत परत वाचला, काहींनी एकदा वाचून न बघता आठवून लिहिला. लगेच विचारलं तेव्हा वाचणारे पुढं होते. आठवड्यानंतर विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात जास्त उरलं होतं. आठवताना त्रास होतो, तो त्रासच कामाला येतो. म्हणून "आठवेना" असं वाटलं की लगेच कागदाकडे पळू नका. क्षणभर थांबा.

तेच शब्द त्याच रात्री भाकरी थापताना एकदा म्हणायचे, दुसऱ्या दिवशी एकदा, आठवड्याच्या बैठकीत एकदा, महिन्यानं परत. एका दिवशी पन्नासदा घोकून उपयोग नाही. पोरं परीक्षेच्या आदल्या रात्री घोकतात आणि पेपर संपला की कोरी होतात, ते आपण बघतोच.

आणि शब्द वापरायचा. उर्दू का गेली, ते आत्ताच सांगितलं. मेसेज आला की पोराच्या हातात फोन देण्याआधी स्वतः एकदा बघा. "डेबिट" दिसतंय का तेवढं शोधा. फॉर्मवर सही करण्याआधी एकच प्रश्न विचारा, "यात प्रीमियम कुठं लिहिलाय?" चुकीचं बोललं तर कुणी हसेल. हसू द्या. आपण लहानपणी मराठी बोलायला लागलो, तेव्हाही घरचे हसलेच होते.

त्या बाईचं काय झालं, ते सांगून थांबतो. गेलेले पैसे परत मिळाले नाहीत. पण तिनं स्वतः खिडकीवर जाऊन, "हे डेबिट बंद करा" असं सांगितलं आणि अर्ज दिला. पुढच्या वर्षी रक्कम कटली नाही. सचिवाचं काम तिनं एकटीनं घेतलं नाही, दोघींनी मिळून घेतलं. एक लिहिते, एक ध्यानात ठेवते. आणि अडलं की दोघी मिळून वही झाकून आठवतात.

तर सयांनो, येत्या बैठकीत वसुली झाली, इतिवृत्त लिहून झालं, की दहा मिनिटं राखून ठेवा. पाच शब्द, एक चाल, आणि समोर जोडीदारीण. गटात कुणी म्हातारी असेल तर तिला कोपऱ्यात बसवू नका. तिला मधे घ्या. ध्यानात कसं ठेवायचं ते आपल्या सगळ्यांत तिलाच जास्त ठाऊक आहे.

येतो आम्ही. नमस्कार.